दोन हाका

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते काही खोटं नाही. पण त्या ब्रह्मराक्षसाला हाताला धरून घरात आणायचं आणि रोज दुपारी समोर बसवून घ्यायचं, हा उद्योग स्वानंदीनं स्वतःच्या हातानं केला. पहिले दोन दिवस सासूनं बळेच बसवलं, हे खरं. पुढं मात्र तिलाच राहवेना.

स्वानंदी हे तिचं नाव होऊन जेमतेम पाच महिने झाले होते. त्याआधी धारला ती अल्पना होती. देवासच्या या घरात सुनेचं नाव बदलायची रीत अजून चालू होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, की झालं. नाव सासूनं निवडलेलं. तसं चांगलंच होतं, नावाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण कोणी ‘स्वानंदी’ म्हणून हाक मारली की ती आधी इकडंतिकडं बघायची, ही बाई कोण म्हणून, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडायचा.

सासू म्हणजे विद्युल्लताबाई. देवासच्याच एका मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज असा, की गल्लीच्या टोकाला भाजीवाल्यानं ठेला थांबवावा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा अनीश बियाण्यांच्या कंपनीत, आठवड्यातले निम्मे दिवस सतवासच्या बाजूला फिरतीवर. तेव्हा टेकडीच्या पायथ्याच्या त्या घरात बहुतेक वेळ सासू आणि सून, दोघीच. त्यात वैशाखात बाईंचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि महिनाभर वाचन बंद केलं. जेवण बंद केलं असतं तरी बाईंनी एवढी कुरकुर केली नसती.

“सूनबाई, ट्रंकेत तळाशी एक पुस्तक आहे, ते काढ,” त्या एक दिवस म्हणाल्या.

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता. सुरुवातीची पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे ना नाव, ना लेखकाचा पत्ता. कादंबरी होती, जुन्या काळातली, जुन्या काळाविषयीची.

“मी अठरा वर्षांची असताना वाचलं हे,” विद्युल्लताबाई म्हणाल्या. “त्यानंतर आठ दिवस एकटी मोरीत गेले नव्हते. हं, वाच.”

“आई, मला मराठी पढायला नाही येत ना ठीकसे. माझी तर सारी स्कूल हिंदीत झाली.”

“अक्षरं तीच आहेत. बोट ठेव आणि वाच. आणि एक अट आहे. माझ्याशिवाय पुढं वाचायचं नाही. शेवट मला ठाऊक आहे, पण तो मला तुझ्या तोंडून ऐकायचाय.”

झालं. जेवणं आटोपली की कूलरसमोर सतरंजी पसरायची, विद्युल्लताबाईंनी काळा चष्मा लावून भिंतीला टेकायचं आणि स्वानंदीनं ओळीखाली बोट सरकवत वाचायचं. बोलायला मराठी घरचीच होती, पण छापलेली मराठी तिला दूरच्या नातेवाइकासारखी वाटायची, ओळख आहे म्हणायची आणि नाव आठवायचं नाही. त्यात हे पुस्तक जुन्या वळणाचं. एकेक वाक्य असं, की सुरुवात सकाळी करावी आणि क्रियापद दुपारी भेटावं. ती अडखळली की सासू चष्म्याआडून शब्द पुरवायची.

गोष्ट होती मालोजी नावाच्या सरदाराची आणि त्याच्या नव्या नवरीची, रुक्मिणीची. नर्मदेच्या काठी, धरमपुरीच्या जवळ एक गढी. लग्नाची हळद उतरायच्या आत मालोजी लढाईवर गेला. जाताना रुक्मिणीला म्हणाला, पैलतीरावर आलो की तिथूनच तुला हाक मारीन, मग नावाडी पाठव. लढाई संपली. त्याचं रक्तानं माखलेलं पागोटं तेवढं गढीवर आलं. प्रेत मिळालं नाही. आणि मग एका दुपारी, सूर्य माथ्यावर असताना, पलीकडच्या काठावरून हाक आली. ‘रुक्मिणी!’ थोड्या वेळानं पुन्हा एकदा. ‘रुक्मिणी!’

रुक्मिणी धावत सज्जात गेली, तर सासूनं, गढीतल्या थोरल्या बाईसाहेबांनी, तिचं तोंड दाबून धरलं. कारण सगळ्या मुलखाला ठाऊक होतं: मेलेल्या माणसाला दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक जिवंताची. तिसरी आल्याशिवाय ओ द्यायची नाही. दिली, तर हाक मारणारा नेतो.

तिसरी हाक आली नाही. गढीतल्या बायकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि रुक्मिणीचा चुडा उतरवला.

पण दुसऱ्या दिवशी भर बाराला पुन्हा त्याच दोन हाका आल्या. तिसऱ्या दिवशीही. मग रोज. गढीच्या पायऱ्यांवर ओली पावलं उमटू लागली, वर चढणारी, उतरणारी नाहीत. रुक्मिणीच्या उशाशी नर्मदेचा गाळ सापडू लागला. थोरल्या बाईसाहेबांनी नदीकडच्या खिडक्या चिणून घेतल्या, तरी हाका भिंतीतून येत राहिल्या. आणि सगळ्यात भीतीची गोष्ट ही, की रुक्मिणीला आता त्या हाकांची वाट पाहायची सवय लागली. बारा वाजायला आले की ती केसांत गजरा माळून बसायची.

इथं स्वानंदीच्या अंगावर सरसरून काटा आला. बाहेर टळटळीत ऊन, कूलरची घरघर, आणि ही घामेजली.

“भीती वाटली?” सासूनं विचारलं. आवाजात जरासा आनंदच होता म्हणायचा.

“नाही,” स्वानंदी म्हणाली. पण संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला गेली ती धावत परत आली.

तिला भीती वाटायला एक कारणही होतं, आणि ते पुस्तकातलं नव्हतं. तिची आई, इंदिराबाई, दोन वर्षांपूर्वी गेली. अस्थी धरमपुरीलाच नर्मदेत सोडल्या होत्या, नावेतून मधल्या धारेत जाऊन. तो काठ, ती नाव, पलीकडची झाडं, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तिची आईसुद्धा लहानपणापासून तिला हेच शिकवत आली होती, “भर बाराला, नाहीतर तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर लगेच ओ देऊ नकोस गं. तिसरी हाक येऊ दे.” धारला तिच्या सगळ्या मैत्रिणी हसायच्या यावर. हसायच्या आणि पाळायच्या.

खटका उडाला तो नावावरून. एका सकाळी विद्युल्लताबाईंनी स्वयंपाकघरातून तीनचारदा ‘स्वानंदी’ म्हणून पुकारलं आणि ही पुढच्या खोलीत ढिम्म.

“कानात बोळे घातलेस का? की याही घरात आता तिसऱ्या हाकेची वाट बघायची?”

“सॉरी, आई. मला ना, ते नाव माझं आहे असं वाटतच नाही. दिमागमध्येच येत नाही, की मला बोलावून राहिलेत.”

“मलाही वाटलं नव्हतं. मीसुद्धा काही जन्मतः विद्युल्लता नव्हते. सवय होते.”

“माझी आई चिऊ म्हणायची,” स्वानंदी एकदम बोलून गेली. डोळे भरून आले तिचे, का ते तिलाही कळलं नाही. “त्या नावानं झोपेत जरी पुकारलं ना, तरी मी ओ द्यायचे. आता कोणीच नाही म्हणत. बाबा पण अल्पनाच म्हणतात.”

विद्युल्लताबाई डोळ्यांत औषध घालून मान वर करून बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, ते कळलं नाही. स्वानंदीला बोलल्याचं वाईट वाटलं. सासूपुढं माहेरचं रडगाणं गायचं नसतं, एवढं तिला शिकवलेलं होतं.

त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. विद्युल्लताबाईंना डोळे दाखवायला जायचं होतं. आदल्या सकाळी दोघींनी मिळून गव्हाच्या चिकाच्या कुरडया घातल्या होत्या, त्या गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत होत्या. शेजारच्या कुशलनं आपल्या ऑटोत बाईंना बसवलं.

“दुपार होईल मला. आज ऊन फार आहे, बाहेर पडू नकोस, दार आतून लावून घे. आणि पुस्तकाला हात लावू नकोस,” बाईंनी बजावलं.

आता हात लावू नको म्हटलं की हात कुठं जातो, हे सांगायला नको. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. रुक्मिणी ओ देते की नाही, हे कळल्याशिवाय स्वानंदीला पोळी गोड लागेना. कामं उरकून ती सतरंजीवर बसली, कूलर लावला, आणि एकच पान बघते म्हणत पुस्तक उघडलं.

रुक्मिणी सज्जाच्या चिणलेल्या खिडकीची एकेक वीट उकरून काढत होती. नखं फुटली होती. सूर्य माथ्यावर येत होता. स्वानंदीचं बोट ओळीखालून सरकत होतं. त्याच वेळी लाइट गेली.

कूलर घरघरत थांबला. वैशाखातल्या दुपारी कूलर बंद पडला की घरात जी शांतता पसरते, ती ज्यानं अनुभवली त्यालाच ठाऊक. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक ऐकू यायला लागली. तिनं वर पाहिलं. काटे एकावर एक आलेले होते. योगायोग आहे, तिनं स्वतःला समजावलं. लाइट तर रोजच जाते.

आणि हाक आली.

“चिऊ…”

आवाज बारीक होता, कोरडा, लांबून आल्यासारखा. पण बाहेरून नव्हे. घरातूनच. स्वयंपाकघरामागच्या बोळाकडून, जिथं दिवसासुद्धा अंधार असे.

घरात कोणी नव्हतं. दार आतून बंद होतं, कडी तिनंच लावलेली. आणि या सबंध देवासात तिला चिऊ म्हणणारं कोणी नव्हतं. जी म्हणायची, तिला तर स्वतः नावेत बसून मधल्या धारेत सोडून आलो होतो.

‘आई’ म्हणावंसं वाटलं आणि तेच म्हणायची भीती वाटली. लहानपणी शिकवलेलं सगळं एका क्षणात अंगात उभं राहिलं. ओ द्यायची नाही. तिसरी हाक येऊ दे. ती ओठ दातांखाली धरून बसली, पुस्तक छातीशी धरून, पाय पोटाशी घेऊन. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायचीही तिला हिंमत होईना.

“चिऊ…”

दुसरी. पहिलीपेक्षा बारीक. शेवटचा उकार तर विरूनच गेला.

आता तिसरी. तिनं कान टवकारले. ये ना, ती मनात म्हणत होती. तिसरी येऊ दे. कोणीही असो, फक्त तिसरी येऊ दे.

घड्याळ टकटकत राहिलं. तिसरी हाक आली नाही.

स्वानंदीला रडू फुटलं, आवाज न करता. म्हणजे आईच. आई आली आहे आणि बोळात उभी आहे, अंगावरून नर्मदेचं पाणी गळतंय, आणि मी ओ देत नाहीये. तिला आईची भीती वाटत होती, आणि आईची भीती वाटते याची लाज वाटत होती. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला. म्हणजे बोळाच्या तोंडाशी. दारापर्यंत जायचं तरी त्याच बाजूनं. पळायचं कुठं? जायला जागा एकच उरली होती, ती म्हणजे हातातलं पुस्तक. रुक्मिणीनं काय केलं? तिलाही दोनच हाका आल्या. तिनं काय केलं ते एवढ्या जाडजूड पुस्तकात कुठंतरी लिहिलेलं असेलच ना?

तिनं बोट ओळीखाली ठेवलं.

सासू असती तर अडलेले शब्द तिनं पटापट सांगितले असते. एकटीला ते दगडासारखे वाटत होते. “रु-क्मि-णी-नें… नाव…” नाव? हां, होडी. “नाव लोटिली.” रुक्मिणीनं ओ दिली नव्हती. ओ न देता ती खिडकीतून उतरली होती, एकटीनंच नाव वल्हवत पैलतीराला गेली होती. न्यायचं तर न्या, पण मी येते, असं म्हणून. स्वानंदी अक्षर अक्षर लावत होती आणि घाई तर अशी झाली होती की डोळे पुढं पळत आणि बोट मागं राही. पैलतीरावर चिंचेचं झाड. झाडाखाली, वाळलेल्या पाल्यात, हाडं. बोटात लग्नातली अंगठी. उजवा हात नदीकडं लांबवलेला. आणि मग ते वाक्य आलं, लांबलचक, मोडून मोडून वाचावं लागणारं.

“मांडीच्या… हाडास… शेल्याची चिंधी… करकचून… बांधिलेली… होती.”

म्हणजे काय? तिनं पुन्हा वाचलं. चिंधी बांधलेली होती. मग पुढं.

“मेलेलें माणूस… आपली जखम… बांधीत नाहीं.”

स्वानंदीनं पुस्तक डोळ्यांशी आणलं.

पुढची ओळ तिनं वाचली ती अडखळत नव्हे, एका दमात, जन्मभर मराठीच वाचत आल्यासारखी. “पहिल्या दिवशीं ज्या दोन हाका आल्या त्या जिवंताच्या होत्या, तिसरीपुरती शक्ति त्यास उरली नव्हती. ओ मिळाली असती तर तो वाचता. त्यानंतरच्या सर्व हाका मात्र मेलेल्याच्या.”

पुस्तक तिच्या हातून गळून पडलं. इतका वेळ ती एका गोष्टीला भीत होती. आता तिला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली, आणि ही भीती अशी होती की तिच्यापुढं पहिली म्हणजे पोरखेळ. चिऊ म्हणणारं देवासात कोणी नाही, असं ती इतका वेळ म्हणत होती. पण कालच तर तिनं स्वतःच्या तोंडानं हे नाव एकाच माणसाला सांगितलं होतं. मान वर करून, डोळ्यांत औषध घालून बसलेल्या माणसाला.

“ओ!” ती ओरडली. सगळा नेम मोडून, भर बाराला, रिकाम्या घरात. “ओ, आई! कुठं आहात?”

ती बोळाकडं धावली. तिथं वर छताला उजेडासाठी लोखंडी जाळी होती, आणि ऊन आत येऊ नये म्हणून तिच्यावर पोती टाकलेली. त्या पोत्यांच्या फटीतून काहीतरी वाजलं. जाळीच्या लोखंडावर बांगडी आपटल्यासारखं, हलकंच, एकदा.

दाराची कडी काढताना तिचं बोट चेंगरलं, ते तिला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. बाहेरच्या जिन्यानं ती अनवाणी वर गेली. जिन्याचं लोखंड तव्यासारखं तापलेलं.

विद्युल्लताबाई जाळीच्या कडेला आडव्या पडल्या होत्या. डॉक्टर आलेच नव्हते म्हणून त्या लवकर परतल्या होत्या. फाटकातूनच त्यांना दिसलं की गरम वाऱ्याची लू सुटली आहे आणि गच्चीवरचं धोतर फडफडतंय. कुरडया उडतील म्हणून बेल न वाजवता त्या तशाच वर चढल्या. काळ्या चष्म्यातून धोतरावर ठेवलेली वीट दिसली नाही. पाय अडखळून खुब्यावर पडल्या त्या उठताच येईना. तिथून जाळीपर्यंत सरपटत आल्या होत्या, मागं कुरडयांचा चुरा पसरलेला. चष्मा कुठं पडला होता देव जाणे. चेहरा लालभडक, ओठ फुटलेले, आणि अंगाला घामाचा टिपूस नाही. उजवा हात जाळीकडं लांबवलेला होता.

तो हात पाहून स्वानंदी किंचाळली.

“कुशल भिया! भिया, जल्दी या! आई पडल्या!”

शेजारून कुशल आला, त्याच्या घरची माणसं आली, चादरीत घालून बाईंना खाली नेलं. ऑटोत स्वानंदी सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसली, ओल्या टॉवेलनं तोंड पुसत राहिली आणि सगळ्या रस्ताभर एकच शब्द म्हणत राहिली, “ओ. ओ, आई. ओ.” कुशलला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड मोडलंय, ते बसवता येईल. पण त्या उन्हात आणखी थोडा वेळ गेला असता तर बसवायला माणूस राहिलं नसतं. संध्याकाळी अनीश सतवासहून आला तो धापा टाकतच. बायकोला म्हणाला, “तू होतीस म्हणून बचावली आई.” कुशलही तेच म्हणाला, नर्सही तेच म्हणाली. प्रत्येकाच्या म्हणण्यासरशी स्वानंदी आणखी खाली बघत होती. त्यांना काय ठाऊक, ती खाली सतरंजीवर पाय पोटाशी घेऊन बसली होती ते.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी विद्युल्लताबाई नीट बोलू लागल्या. अनीश औषधं आणायला खाली गेला, तेव्हा खोलीत दोघीच होत्या.

“कूलर चालू असेल,” बाई म्हणाल्या. “म्हणून ऐकू आलं नसेल तुला लवकर.”

वाट मोकळी होती. हो म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता, आणि जन्मभर कोणाला काही कळलं नसतं. पण त्या दुपारपासून स्वानंदीला एकाच गोष्टीचा धसका बसला होता, ती म्हणजे गप्प राहण्याचा.

“कूलर बंद होता,” ती म्हणाली. “मला ऐकू आलं होतं, आई. पहिलीच हाक ऐकू आली. दुसरी पण. मी बसून राहिले. मला लगा की… मला वाटलं, माझी आई आली. मेलेली. मी तिसरीची वाट बघत बसले.”

आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. विद्युल्लताबाई छताकडं बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार लहान आणि थकलेले दिसत होते.

“पुस्तक वाचत होतीस,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“माझ्याशिवाय.”

“हो.”

“संपलं?”

“त्या ओळीपर्यंत. जखम बांधलेली, तिथपर्यंत. मग पळाले.”

बाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, “वर पडल्यावर मला दुसरं काही सुचेना गं. तो मालोजीच डोळ्यांपुढं. जीभ टाळूला चिकटलेली, आवाज निघेना. म्हटलं, दोनच हाका निघतील अंगातून, फार तर. आणि ही खाली तिसरीची वाट बघत बसेल. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. भुताची नव्हे. आपणच भूत ठरू, याची.”

स्वानंदीनं त्यांचा हात धरला. तो अजून कोरडा होता.

“पण तुम्ही चिऊ म्हणून का पुकारलं?”

“मग काय म्हणून पुकारणार? स्वानंदी म्हटलं असतं तर तू आधी इकडंतिकडं बघितलं असतंस, कोण म्हणून. तेवढा वेळ कुठं होता?”

ज्येष्ठात बाई घरी आल्या. पलंग पुढच्या खोलीत आणला, हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला, काही लागलं तर वाजवायला म्हणून. चारचौघांत त्या सुनेला स्वानंदीच म्हणत. ते नाव त्यांनी निवडलं होतं आणि ते सोडायला त्या तयार नव्हत्या. दोघीच असल्या की मात्र दुसरं नाव निघे. पुस्तक पुन्हा ट्रंकेत गेलं. शेवटची दोन पानं स्वानंदीनं वाचून दाखवली नाहीत आणि सासूनंही वाच म्हटलं नाही.

भीती मात्र गेली नाही. ती जायची नव्हतीच. दुपारचे काटे एकावर एक आले की स्वानंदीचे हात असतील तिथं थबकत. कधी कणकेत, कधी नळाखाली. कान आपोआप बोळाकडं लागत. आणि एखाद्या दिवशी तिला खरंच काहीतरी ऐकू येई. बारीक, कोरडं, लांबून आल्यासारखं.

“ओ!” ती तिथूनच ओरडे. “ओ, आले, आले!” आणि कणकेच्या हातानं पुढच्या खोलीत येऊन उभी राही.

“मी नाही हाक मारली,” विद्युल्लताबाई एकदा म्हणाल्या. वाटीचमचा जागच्या जागी होता. त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि त्यांचा आवाज खाली आला. “अगं, भर बाराची वेळ. कोण असेल, कोण नसेल. अशी पहिल्याच हाकेला ओ देऊ नये.”

स्वानंदी बोळाच्या अंधाराकडं बघत होती. तिचे पाय थरथरत होते, ते सासूलाही दिसत होतं.

“असू दे, आई,” ती म्हणाली. “कोणीही असलं, तरी असू दे.”